लेन्त्स की फ्र्यूलिंग? पाडव्याच्या जर्मन निमंत्रणातल्या एका शब्दाबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही श्टुटगार्टला राहता. तिथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याचं जर्मन निमंत्रण लिहायचं काम तुमच्याकडे आलंय, कारण शेजारी, ऑफिसातले सहकारी, मुलांच्या शाळेतले पालक अशी बरीच जर्मन मंडळी यायची आहेत. तुम्ही शीर्षक दिलंत ‘लेन्त्सफेस्ट’ (वसंताचा सण) आणि शेवटी ‘आयनेन श्योनेन लेन्त्स!’ (छान वसंत लाभो) अशा शुभेच्छा दिल्यात. शब्दकोशात ‘लेन्त्स’पुढे ‘वसंत’ असंच लिहिलंय, आणि वसंतासाठीचा दुसरा शब्द ‘फ्र्यूलिंग’ तुम्हाला फारच रोजचा, सपक वाटला. मसुदा वाचून तिथंच वाढलेली तुमची मुलगी हसत सुटली, पण का हसली ते तिला नीट सांगता येईना. शिवाय ‘व्हेरोनिका, डेअर लेन्त्स इस्ट डा’ (व्हेरोनिका, वसंत आला) हे जुनं गाणं कार्यक्रमात घ्यायचंय. हा शब्द आला कुठून आणि इंग्रजीतल्या ‘लेन्ट’शी त्याचं काही नातं आहे का, हेही तुम्हाला हवंय.

घाईत असाल तर एवढंच वाचा: शीर्षक बदला, शेवटची ओळ काढून टाका, गाणं ठेवा. मुलगी बरोबर हसली. का, ते आता सवडीनं सांगते.

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि अनुवादाची कामं करते. लेन्त्सच्या बाबतीत मराठी माणूस एका ठरावीक जागी अडखळतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि ती जागा जर्मनमध्ये नाही, मराठीत आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात ऋतू तीनच: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ‘वसंत’ आपल्याला माहीत असतो तो कवितेतून, पंचांगातून, संगीतातल्या रागावरून, नाहीतर वसंतराव नावाच्या काकांमुळे. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते आणि लोक तिला घाम पुसत जातात. ‘सध्या वसंत चाललाय’ असं त्यांतलं कुणी म्हणत नाही. म्हणजे आपला ‘वसंत’ मुळातच थोडा नटूनथटून आलेला शब्द आहे. जर्मनमध्ये तसं नाही. तिथं फ्र्यूलिंग हा आपल्या ‘उन्हाळ्या’इतका साधा शब्द आहे. तो भाजीवाल्याच्या पाटीवर असतो, दवाखान्यातल्या गप्पांत असतो, शाळेच्या वेळापत्रकात असतो. आपण मात्र मनातल्या नटलेल्या ‘वसंता’ला जोडीदार शोधायला निघतो, फ्र्यूलिंग साधा दिसतो म्हणून तो बाजूला सारतो आणि लेन्त्स उचलतो. निवड कानाला बरोबर वाटते, पण कान मराठी असतो.

लेन्त्सची जर्मनमधली आजची अवस्था मी वर्गात ‘नेत्र’ शब्दावरून समजावते. आपण नेत्रदान म्हणतो, नेत्रतज्ज्ञाकडे जातो, भजनात ‘नेत्र’ येतात तेव्हा कुणाला खटकत नाही. पण सकाळी उठून कुणी ‘आई, माझे नेत्र चुरचुरतायत’ म्हणालं तर घरातले त्याच्याकडे वळून बघतील. शब्द मेलेला नाही, प्रत्येकाला कळतो, पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. लेन्त्सचं अगदी तसंच आहे. त्यामुळे ‘हा शब्द वापरू का’ असं न विचारता ‘त्याच्या ठरलेल्या जागा कोणत्या, आणि माझं निमंत्रण त्यांतल्या एखाद्या जागी बसतं का’ असं विचारायला हवं.

त्याआधी मूळ, कारण ते तुम्ही मुद्दाम विचारलंय आणि मलाही त्यात रस आहे.

लेन्त्स हा फ्र्यूलिंगपेक्षा कितीतरी जुना. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या उच्च जर्मनमध्ये तो ‘लांगित्स’, ‘लेंगित्सिन’, ‘लेन्त्सो’ अशा रूपांत सापडतो. भाषाशास्त्रज्ञ त्याची फोड दोन तुकड्यांत करतात. पहिला तुकडा ‘लांग’, म्हणजे लांब. दुसरा दिवस या अर्थाचा, आणि तो आपल्या संस्कृत ‘दिन’चा सख्खा नातेवाईक. लेन्त्स म्हणजे लांब दिवसांचा, दिवस लांबत जाण्याचा काळ. आता ‘दिन’मधला द लेन्त्सच्या शेवटी ‘त्स’ कसा झाला, हे बघण्यासारखं आहे. संस्कृतातला द हा जर्मानिक भाषांमध्ये ट होतो आणि पुढे फक्त उच्च जर्मनमध्ये त्या टचा त्स होतो. दश, टेन, त्सेन. द्वि, टू, त्स्वाय. त्याच वाटेनं ‘दिन’चा द इंग्रजीत ‘लेन्ट’चा ट झाला, डचमध्ये ‘लेन्टे’चा ट झाला आणि जर्मनमध्ये ‘लेन्त्स’चा त्स. म्हणजे मूळ शब्दातला अख्खा दिवस झिजत झिजत आज त्या एका त्समध्ये उरलाय.

वसंताला ‘दिवस लांबण्याचा काळ’ असं नाव कुणाला सुचेल, हा प्रश्न पुण्यात बसून पडतो. तुम्हाला तिथं पडणार नाही. आपल्याकडे संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, आणि तो खरंच तिळातिळानंच वाढतो. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर. बर्लिनमध्ये हेच अंतर पावणेआठ तासांपासून जवळपास १७ तासांपर्यंत जातं. मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास पुण्यात दिवस रोज साधारण एका मिनिटानं वाढतो, तर बर्लिनमध्ये चार मिनिटांनी. आठवड्याभरात अर्धा तास उजेड जास्त! शिवाय फुलं येवोत न येवोत, बर्फ पडो न पडो, उजेड मात्र न चुकता वाढत जातो. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना काय मोजायचं ते बरोबर कळलं होतं.

इंग्रजी ‘लेन्ट’शी नातं आहे, पण अर्थाचं आता काही उरलेलं नाही. एकाच शब्दाच्या तीन लेकी तीन घरी गेल्या. डचमध्ये ‘लेन्टे’ आजही वसंताचा रोजचा शब्द आहे, तिथं त्याला काव्याचा वासही नाही, आफ्रिकान्समध्येही तसंच. इंग्रजीत जुना शब्द होता ‘लेन्क्टन’, अर्थ वसंतच. पुढे तो आक्रसत ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासापुरता उरला आणि ऋतूसाठी ‘स्प्रिंग’ आला. वसई किंवा गोव्याचे ख्रिस्ती मित्र असतील तर ‘लेन्ट’ त्यांच्या चांगल्या परिचयाचा असेल. पण जर्मनमध्ये त्या उपवासकाळाला ‘फास्टेनत्साइट’ म्हणतात, लेन्त्सचा त्याच्याशी संबंध नाही. हे एवढ्यासाठी सांगते की इंग्रजीवरून अंदाज बांधणारे विद्यार्थी लेन्त्सचा अर्थ ‘उपवासाचे दिवस’ करतात, आणि मग कवितेतला प्रियकर वसंताऐवजी उपासतापासाची वाट बघत बसतो.

जर्मनमध्ये मात्र हा शब्द बराच काळ अगदी साधा होता. शार्लमेन बादशहानं बारा महिन्यांना देशी नावं दिली, त्याची यादी त्याचा चरित्रकार आइनहार्ड यानं दिली आहे; तीत मार्चचं नाव ‘लेन्त्सिनमानोथ’ आहे, म्हणजे लेन्त्सचा महिना. मार्टिन ल्यूथरच्या बायबलात गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात देशात फुलं दिसू लागतात तेव्हा जो येतो तो लेन्त्स. आणि त्याच बायबलात उत्पत्तीच्या ३० व्या अध्यायात, याकोब आणि लाबान यांच्या मेंढरांच्या वाटणीत, ‘फ्र्यूलिंगे’ हा शब्द आहे. पण तिथं त्याचा अर्थ वसंत नाही, लवकर जन्मलेली कोकरं! उशिरा जन्मलेली ती ‘श्पेटलिंगे’. ‘फ्र्यू’ म्हणजे लवकर, ‘श्पेट’ म्हणजे उशिरा. वर्षातला लवकर येणारा ऋतू म्हणून फ्र्यूलिंग हा अर्थ पंधराव्या शतकापासून दिसू लागतो आणि पुढच्या काळात तो लेन्त्सला रोजच्या बोलण्यातून हळूहळू बाहेर ढकलतो. आज जो ‘जुना आणि सुंदर’ वाटतो तो तेव्हाचा साधा, आणि आज जो सपक वाटतो तो तेव्हाचा नवखा.

सगळीकडे मात्र असं झालं नाही. टिरोल आणि दक्षिण टिरोलच्या बोलींत ‘लांगस’सारखी रूपं आजही ऋतूसाठी चालतात आणि स्वित्झर्लंडच्या व्हालिस भागात ‘लांग्सी’ म्हणतात. तिथल्या आजीच्या तोंडी तो शब्द कवितेचा नाही, शेतीचा आहे. बव्हेरियात आणखी वेगळं, तिथं जुने लोक वसंताला ‘आउसव्हेर्ट्स’ म्हणतात. तेव्हा माझं इथलं सगळं म्हणणं प्रमाण जर्मनबद्दल आहे. तुमच्या पाहुण्यांत कुणी इन्सब्रुककडचं असेल तर त्यांना अवश्य विचारा. असे लोक या विषयावर खुशीत बोलतात.

आता ठरलेल्या जागा.

पहिली जागा काव्य आणि संगीत. रिशार्ड वाग्नरच्या ‘डी व्हाल्क्यूरे’ या ऑपेरात (पहिला प्रयोग म्युनिक, १८७०) पहिल्या अंकात वसंत दार उघडून आत येतो तो लेन्त्स म्हणूनच, आणि नायिका नायकाला ‘तू लेन्त्स आहेस’ असं म्हणते. वाग्नरला जुन्या जर्मानिक पद्यासारखा अनुप्रास हवा होता: लिश्ट, लॉइश्टेट, लेन्त्स, म्हणजे उजेड, चमकणं, वसंत, सगळे ल वर. फ्र्यूलिंगनं तो ल तुटला असता. शिवाय लेन्त्स एका दमात उच्चारला जातो, फ्र्यूलिंगचे उच्चारात दोन तुकडे पडतात. वृत्तात बसवताना हा फरक मोठा असतो. पण कविता म्हटली की लेन्त्स, असं समजू नका. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये ईस्टरच्या फेरफटक्यात नद्यांचं बर्फ वितळवतो तो फ्र्यूलिंग. एडुआर्ड म्योरिकेची वसंतावरची कविता जर्मन शाळांत मुलं पाठ करतात, तिच्यातही फ्र्यूलिंगच. ज्या शब्दाला तुम्ही सपक म्हणालात तो एवढ्या मोठ्या कवींना पुरला. माझं स्वतःचं मत विचाराल तर चांगल्या जर्मन कवितेत फ्र्यूलिंग जास्त ताजा वाटतो. लेन्त्सवर एकोणिसाव्या शतकातल्या दुय्यम कवींनी इतका साज चढवलाय की आज तो कानावर पडला की बऱ्याच जर्मनांना मखमली पडदे आठवतात.

दुसरी जागा वर्तमानपत्राचा मथळा. मार्चअखेरीस थंडी हटेना की ‘लेन्त्स कुठे राहिला?’ अशा धाटणीचा मथळा हमखास येतो. रोमन लिपीत चार अक्षरांचा शब्द, जागा वाचते, आणि किंचित डोळा मिचकावल्यासारखं होतं. खालच्या बातमीत मात्र सरळ फ्र्यूलिंग असतं.

तिसरी जागा वय. इथं लेन्त्स नेहमी अनेकवचनात, ‘लेन्त्से’. ‘ती अठरा लेन्त्से मोजते’ म्हणजे ती अठरा वर्षांची आहे. आपल्याकडे ‘सोळा वसंत पाहिलेली’ असं जुन्या कादंबऱ्यांत असायचं, तसंच. पण मराठीत त्याहून जिवंत आहेत ते पावसाळे. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे आपण दम देताना म्हणतो. लेन्त्सेमध्ये हा दम नाही. ते कोवळ्या वयाबद्दल कौतुकानं, नाहीतर उतारवयाबद्दल गमतीनं. डूडेन कोशात या अर्थापुढे ‘गमतीनं’ अशी खूण असते आणि ऋतूच्या अर्थापुढे ‘काव्यात’ अशी. शब्दकोशातल्या या बारीक खुणा लोक ओलांडून जातात आणि नेमकी तिथंच फसगत होते. तुमच्या शब्दकोशातही बहुधा असणार, पुन्हा बघा. साठाव्या वाढदिवसाच्या कार्डावर ‘सेख्त्सिश लेन्त्से!’ असं मित्राला लिहिलंत तर छान. ज्यांना तुम्ही अजून ‘झी’ म्हणता, म्हणजे अहो-जाहो करता, त्या साहेबांना नको.

चौथी जागा म्हणजे तुमच्या मुलीच्या हसण्याचं कारण. ‘झिश आयनेन श्योनेन लेन्त्स माखेन’ हा बोलीतला वाक्प्रचार आहे. शब्दशः ‘स्वतःसाठी छान वसंत करणं’. खरा अर्थ आरामात लोळत पडणं, कामाच्या वेळी मजा मारणं. ‘त्याचा फाउलर लेन्त्स चाललाय’ म्हणजे फुकटचा पगार, काम काही नाही. ‘लेन्त्स शीबेन’, म्हणजे लेन्त्स ढकलणं, हेही त्याच घरातलं. ऑफिसात, बराकीत, कारखान्याच्या पाळीत हे रोज ऐकू येतं. आता तुमची शेवटची ओळ वाचा: ‘आम्ही तुम्हाला आयनेन श्योनेन लेन्त्स इच्छितो.’ सतरा वर्षांच्या जर्मन कानाला ते ‘मस्त ऐश करा, काम टाळा’ असं ऐकू जातं. पाहुण्यांना अर्थातच कळेल की तुम्हाला वसंत म्हणायचंय, कुणी रागावणार नाही. पण ‘श्योनेन’ आणि ‘लेन्त्स’ हे दोन शब्द शेजारी आले की जर्मन माणूस आधी गालात हसतो. शुभेच्छांच्या ओळीत ते नको.

वेश बदलून येणारे लेन्त्सही आहेत, तेही सांगून टाकते, कारण उद्या कुठंतरी भेटतीलच. बारावीच्या भौतिकशास्त्रात आपण सगळ्यांनी घोकलेला ‘लेन्झचा नियम’ हा १८३४ चा, हाइनरिश लेन्त्स या शास्त्रज्ञाचा. ते आडनाव आहे, त्या विद्युतप्रवाहात वसंत शोधू नका. हे आडनाव बऱ्याच घराण्यांत ‘लोरेन्त्स’ या नावाच्या छोट्या रूपावरून आलेलं आहे. कापडधंद्यातल्या लोकांना ‘लेन्झिंग’ ठाऊक असतं. इचलकरंजी-भिवंडीकडे मोडाल, टेन्सेलच्या धाग्यांबरोबर जे नाव येतं ते ऑस्ट्रियातल्या गावाचं आणि त्या गावच्या कंपनीचं. स्कीइंगला लोक लेन्त्सरहाइडेला जातात, तिथंही लेन्त्स हे शेजारच्या गावाचं नाव आहे, रोमान्श भाषेत लान्च.

आणि एक पंप. बोटीच्या सुट्या भागांच्या यादीचा कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेला अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात एका ओळीत होतं ‘स्प्रिंगचा पंप’. मूळ जर्मन शब्द ‘लेन्त्सपुम्पे’. यंत्रानं लेन्त्सचा इंग्रजीत ‘स्प्रिंग’ केला, आणि पुढे मराठीत येताना ऋतूची स्प्रिंग घड्याळातली स्प्रिंग झाली. प्रत्यक्षात तो बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसून काढणारा पंप. जर्मन खलाशांच्या भाषेत ‘लेन्त्स’ म्हणजे रिकामं, कोरडं. हा शब्द उत्तरेकडच्या सखल जर्मन आणि डच बोलींमधून आला, त्याचं वसंताशी काही नातं नाही. ‘लेन्त्सेन’ म्हणजे पाणी उपसणं. कवितेत मात्र ‘एस लेन्त्स्ट’ म्हणजे वसंत अवतरतोय. अक्षरं तीच. शेजारी ‘पंप’ आहे की ‘कोकीळ’, एवढं बघितलं की पुरतं.

तर इथपर्यंत हिशेब असा: शब्द जुना आणि कुळवंत, मूळ अर्थ लांबणारे दिवस, रोजच्या वापरातून फ्र्यूलिंगनं बाहेर काढलेला, आणि आज गाणी, मथळे, वाढदिवस आणि कामचुकारपणा एवढ्या जागी सुखानं नांदणारा. निमंत्रण यांत कुठं बसतं? कुठंच नाही, असं माझं मत. आता तुमच्या शीर्षकाकडे येते.

‘लेन्त्सफेस्ट’ चुकीचा नाही, पण कुणी तो आज म्हणत नाही. ऐकणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गायनमंडळाची किंवा व्यायामशाळेची जत्रा वाटेल. आणखी एक बाजू आहे, ती सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून नाझी काळापर्यंत जर्मनीतल्या वंशाभिमानी मंडळींना जुन्या ‘अस्सल’ महिन्यांच्या नावांचं वेड होतं. मार्चला ते ‘लेन्त्सिंग’ किंवा ‘लेन्त्समोन्ड’ म्हणायचे. तुम्ही निमंत्रणाच्या तारखेत चैत्राला समांतर म्हणून ‘लेन्त्समोन्ड’ लिहिलंय, हेतू अगदी निरागस आहे, पण ते काढा. नुसत्या लेन्त्सला असला डाग नाही. मात्र छापील तारखेत असं जुनं नाव बघितलं की काही वाचकांच्या भुवया उंचावतात, आणि पाडव्याच्या निमंत्रणावर ती शंका कशाला?

मग ‘फ्र्यूलिंग्सफेस्ट’? म्युनिकसारख्या शहरात किंवा तुमच्या श्टुटगार्टमध्ये तर अजिबात नको. तुमच्याकडे कानश्टाटच्या मैदानावर दर वसंतात भरणारी मोठी जत्रा असते, बिअरचे तंबू, पाळणे, भाजलेली कोंबडी. तिचंच नाव फ्र्यूलिंग्सफेस्ट. पाहुणे चामड्याची चड्डी घालून यायचे! शिवाय चिनी नववर्षालाही जर्मन वर्तमानपत्रं हेच नाव देतात. एखाद्या लहान गावात, जिथं अशी जत्रा नाही, तिथं हाच शब्द बिनदिक्कत चालेल. हे खरोखर गावावर अवलंबून आहे.

माझा सल्ला असा की सणाला जर्मन नाव शोधूच नका. मोठ्या अक्षरांत ‘गुढी पाडवा’, आणि त्याखाली ‘वीअर फाइर्न दास मराठी-नॉययार’, म्हणजे आम्ही मराठी नववर्ष साजरं करतोय. नववर्ष म्हटलं की जर्मन माणसाला लगेच कळतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये कसलं नववर्ष, हे कुतूहल जागं होतं, ते हवंच. मग एका वाक्यात सांगा की चैत्राच्या पहिल्या दिवशी आमचं वर्ष सुरू होतं ‘उन्ट मिट ईम डेअर फ्र्यूलिंग’, आणि त्याच्याबरोबर वसंत. इथं साधा फ्र्यूलिंग किती देखणा दिसतो बघा. वाक्य छोटं, शेवटी तो शब्द, पुढे पूर्णविराम. जर्मनमध्ये ‘फ्र्यूयार’ असाही शब्द आहे, पण तो कॅलेंडरचा, हिशेबाचा: ‘या फ्र्यूयारमध्ये ऑर्डरी वाढल्या’, ‘फ्र्यूयारची साफसफाई’. पातीच्या कांद्याला आणि स्प्रिंग रोलला मात्र फ्र्यूलिंग लागतो, आणि १९६८ च्या ‘प्राग स्प्रिंग’लाही. तुमच्या वाक्यात भावना आहे, म्हणून फ्र्यूलिंगच.

शेवटच्या ओळीबद्दल. मराठी पत्राच्या शेवटी शुभेच्छा ओघानं येतात. जर्मन निमंत्रणाच्या शेवटी त्याजागी ‘तुमची वाट बघतो’ असतं: मित्रमंडळींना ‘वीअर फ्रॉयेन उन्स आउफ ऑइश’, ज्यांना ‘झी’ म्हणता त्यांना ‘आउफ झी’. एकाच निमंत्रणात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर शाळेतल्या पालकांच्या पत्रांत काय वापरतात ते बघा आणि तेच धरा. वसंताचा उल्लेख तिथं हवाच असेल तर ‘फ्र्यूलिंग्सहाफ्टे ग्र्यूसे’ लिहा, वासंतिक नमस्कार म्हणा हवं तर. लोक मार्चमधल्या ई-मेलच्या शेवटी हे सर्रास लिहितात, त्यात अवघडलेपण नाही.

राहिलं गाणं. ते १९३० चं, बर्लिनच्या ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ या गटाचं. १९३५ मध्ये नाझी राजवटीनं त्यांतल्या ज्यू गायकांना व्यवसायबंदी केली आणि गट मोडला. गाणं मात्र आजही जवळजवळ प्रत्येक जर्मन माणसाला पहिल्या ओळीपर्यंत तरी येतं. त्यातला लेन्त्स मुद्दाम जास्त गोड केलेला आहे, म्हणजे काव्यातल्या लेन्त्सची ती हसत हसत केलेली थट्टाच आहे. पुढच्या ओळींत शतावरी (अ‍ॅस्परॅगस ही भाजी) उगवते. बाजारात येणारी ती पांढरी शतावरी म्हणजे जर्मनीत वसंताची खरी खूण, पण गाण्यात तिला दुहेरी अर्थ आहे, आणि तो कुठला हे जर्मन पाहुण्यांना सांगावं लागणार नाही. मोठ्यांनी म्हणायला हरकत नाही, उलट सगळे सूर लावतील. बालविभागातल्या मुलांकडून बसवून घ्यायचं ठरलं असेल, तर ध्रुवपदातली ती शतावरीची ओळ आधी कुणा जर्मन मैत्रिणीबरोबर वाचा आणि मग ठरवा. आणि लेन्त्सचा उच्चार शाळेतल्या लेन्झच्या नियमासारखा ‘झ’नं करू नका, शेवटी स्पष्ट ‘त्स’ हवा.